स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्लॅटिनमला अडकलेल्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणारा भाऊ स्ट्रीट फायटर ६ या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये केन हे कॅरेक्टर खेळतो, क्लासिक कंट्रोल (स्पेशल मूव्हसाठी दिशांचा क्रम हाताने द्यायचा), साधा पॅड. प्लॅटिनम या मधल्या रँकच्या खालच्या एक-दोन स्टारमध्ये कित्येक महिने वरखाली चाललंय. ट्रेनिंग मोडमध्ये कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले फटके) सगळे पडतात पण मॅचमध्ये अर्धे सुटतात. आता विचारतोय की माझे रिफ्लेक्स स्लो आहेत का, कॅरेक्टर बदलू का, की सरळ लिव्हरलेस कंट्रोलर (दिशांसाठी पण बटणंच असलेला) घेऊ.

तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे. केन राहू दे, पॅड राहू दे, पैसे खिशात राहू दे. मी बऱ्याच वर्षांपासून हे गेम खेळतोय आणि शिकवतोय पण, आणि प्लॅटिनमला अडकलेल्या जवळपास प्रत्येकाचं दुखणं एकच निघतं: मॅच चालू असताना तो समोरच्याकडे बघतच नसतो. डोळे स्क्रीनवर असतात, पण डोकं स्वतःच्या पुढच्या बटणात अडकलेलं असतं. पुढे जे काही सांगतोय ते सगळं डोकं मोकळं करून समोरच्याकडे कसं लावायचं याचंच आहे.

आधी रिफ्लेक्सचं बघू, कारण ते भूत एकदा उतरलं पाहिजे. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदाची. काहीतरी दिसलं आणि बटण दाबलं याला नॉर्मल माणसाला पाव सेकंद लागतो असं धर, म्हणजे १५ फ्रेम. आता ड्राइव्ह इम्पॅक्ट, म्हणजे तो एक जोरदार फटका, ज्यात एवढा मोठा रंगांचा फवारा उडतो आणि वेगळा आवाज येतो, तो लागायला २६ फ्रेम लागतात. आणि उडी? जमिनीवरून उठून परत खाली यायला पाऊण सेकंदाच्या आसपास, त्यातली लाथ तुझ्या डोक्यात बसेपर्यंतसुद्धा अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. एवढ्या वेळात पन्नाशीचा माणूस पण शोर्युकेन (केनचा वर उडत मारलेला पंच) मारू शकतो. तरी तू मॅचला पाच-सहा उड्या खातोस, का? कारण समोरचा उडाला तेव्हा तू 'आता क्राउचिंग मीडियम किक लागली की ड्राइव्ह रश करायचा' (म्हणजे झपकन पुढे धावायचं) या विचारात होतास. उडी दिसली, ओळखायला वेळ गेला, तोपर्यंत बोट दुसऱ्याच बटणावर. याला स्लो रिफ्लेक्स म्हणत नाहीत, डोकं दुसऱ्या कामात होतं.

आपल्याकडे पार्लरमध्ये ज्यांनी मुस्तफा खेळलाय (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते नाव कुणी घेतलंय कधी) त्यांना आठवत असेल की त्यात गुंड दरवेळी त्याच जागेवरून यायचे, कुठे ड्रम फोडायचा, कुठे मागे सरायचं हे पाठ झालं की एका कॉइनमध्ये लांबपर्यंत जाता यायचं. बरेच जण स्ट्रीट फायटर पण तसाच खेळतात, पाठ केलेलं उतरवून काढायला. ट्रेनिंग मोडचा डमी पण मुस्तफातल्या गुंडासारखाच, उभा राहतो आणि मार खातो. म्हणून तिथे सगळं पडतं. समोर माणूस आला की तोच कॉम्बो सुटतो, कारण किक लागली की ब्लॉक झाली हे बघायचं काम डमीसमोर तू कधी केलेलंच नसतं.

तर पहिलं काम. शेवटच्या दहा-बारा हरलेल्या मॅचचे रिप्ले काढ. रिप्लेमध्ये दोघांचे इनपुट दिसतात, फ्रेम मीटर (कोणता मूव्ह किती फ्रेम चालतो ते दाखवणारी पट्टी) पण लावता येतो, ते दोन्ही चालू कर. आता कॉम्बो बघू नकोस, फक्त तुझी लाइफ बघ, आणि लाइफचा मोठा तुकडा गेला की थांबव, पाच सेकंद मागे जा आणि हे कशाने सुरू झालं ते एका ओळीत लिही. वहीत लिही, मोबाईलवर लिही, पण लिही. माझ्याकडे आलेल्या एका केनवाल्याची पानं अशी होती (हाडोकेन म्हणजे लांबून फेकायचा गोळा, ड्राइव्ह म्हणजे खास मूव्हसाठीचा शक्तीचा साठा): 'हाडोकेन टाकला, तो उडाला, मी परत हाडोकेन.' 'उठताना लाइट पंच दाबला, त्याचा आधीच लागला.' 'कोपरा, थ्रो. परत थ्रो.' 'शोर्युकेन त्याने ब्लॉक केला.' 'हाडोकेन, उडी.' 'ड्राइव्ह संपला, कोपरा, इम्पॅक्ट, स्टन.' सगळ्या पानांवर हीच चार-पाच कारणं फिरून फिरून येत होती, आणि त्यात 'माझा कॉम्बो सुटला म्हणून हरलो' हे फार क्वचित. तुझी यादी पण अशीच निघेल, पैज लाव. त्या यादीत जे सगळ्यात जास्त वेळा आलंय त्यावर पुढचे दोन आठवडे, बाकी सगळं सोडून दे. मला माहितीये हे बोअर आहे.

बहुतेक ते उड्याच असतील, म्हणून अँटी-एअरवर, म्हणजे उडी मारून येणाऱ्याला हवेतच पाडण्यावर, जरा जास्त लिहितो. केनकडे शोर्युकेन आहे आणि क्राउचिंग हेवी पंच आहे. शोर्युकेनचा इनपुट पुस्तकात पुढे, खाली, खाली-पुढे असा असतो, पण हा गेम खाली-पुढे, खाली, खाली-पुढे असा पण घेतो. म्हणजे बसलेल्या अवस्थेतून उठायची गरजच नाही, अंगठा खालीच राहतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते उगाच पुढे चालत जाऊन लाथ खातात. हा इनपुट दोन्ही बाजूंनी हातात बसव, डावीकडून आणि उजवीकडून, कारण प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते.

पण नुसता डमी उडवून शोर्युकेन मारत बसलास तर परत मुस्तफाच. तुला माहितीये तो उडणार आहे. त्यामुळे डमीच्या वेगवेगळ्या रेकॉर्डिंग बनव: एकात तो पुढे उडी मारून लाथ घालतो, दुसऱ्यात चालत येऊन थ्रो मारतो, तिसऱ्यात लांबूनच ड्राइव्ह इम्पॅक्ट, चौथ्यात नुसता मागेपुढे चालतो आणि काहीच करत नाही. चौथी सगळ्यात महत्त्वाची, ती काढू नकोस. मग सगळ्या रँडम लावून चालू कर आणि तू पण मॅचसारखा खेळ, मधून मधून क्राउचिंग मीडियम किक टाक, हाडोकेन टाक, आणि उडी आली की शोर्युकेन, इम्पॅक्ट आला की उलटा इम्पॅक्ट, थ्रो आला की थ्रो ब्रेक. पहिल्या दिवशी तुझी वाट लागेल. आठवडाभरात एक गंमत दिसेल की ज्या क्षणी तू बटणं कमी दाबतोस त्या क्षणी सगळं दिसायला लागतं. रोज वीस मिनिटं पुरे, त्याहून जास्त केलं की डोकं बधिर होतं आणि उपयोग नाही. आणि हो, गाणी बंद, गेमचा आवाज चालू, इम्पॅक्टचा आवाज अर्धं काम करतो.

यानंतरची गोष्ट म्हणजे टर्न कोणाचा आहे हे कळणं, आणि गोल्ड-प्लॅटिनम आणि वरच्या डायमंडमध्ये खरा फरक मला इथेच दिसतो. फ्रेम डेटा म्हटलं की लोकं पळून जातात, त्यांना वाटतं सगळ्या कॅरेक्टरचे तक्ते पाठ करायचेत. तसं नाहीये. एकच हिशोब समजून घे. सगळ्यात फास्ट लाइट अटॅक साधारण ४ फ्रेमचे असतात. समोरच्याने काहीतरी मारलं, तू ब्लॉक केलंस, आणि तो मूव्ह ब्लॉकवर उणे ४ (म्हणजे तो तुझ्यापेक्षा ४ फ्रेम उशिरा मोकळा होतो) किंवा त्याहून वाईट असेल तर तुझा ४ फ्रेमचा पंच त्याला लागतोच, अंतर पोचत असेल तर तो काहीच करू शकत नाही. उणे ३ असेल तर फुकट काही मिळत नाही, पण टर्न तुझा आहे. आता दोघांनी एकदम लाइट पंच दाबला तर तुझा चौथ्या फ्रेमला लागणार आणि त्याचा सातव्याला, म्हणून त्याने दाबायलाच नको. आणि तो अधिक ३ असेल तर हेच सगळं उलटं, तेव्हा तू दाबायचं नाही. तू म्हणतोस 'उठताना दाबलं तरी त्याचंच लागतं, गेम चीट करतोय', ते हे आहे. गेम चीट करत नाहीये, त्याच्या टर्नमध्ये तू बोलतोयस.

रोस्टर मोठा आहे, सगळ्यांचं शिकू नकोस. ज्या तीन कॅरेक्टरकडून सगळ्यात जास्त हरतोस त्यांचा प्रत्येकी एक मूव्ह घे, जो ते सारखा मारतात आणि तू खाली बसून निमूटपणे बघत राहतोस. तो डमीला करायला लाव, ब्लॉक कर, फ्रेम मीटरवर बघ किती उणे आहे, तुझं काय पोचतं ते शोध. पाच मिनिटांचं काम. पुढच्या मॅचमध्ये तो मूव्ह आला आणि तू पंच मारलास की त्या माणसाचा अख्खा प्लॅन कोसळतो, प्लॅटिनममध्ये बऱ्याच जणांकडे तेवढा एकच प्लॅन असतो.

डिफेन्स. कोपऱ्यात गेलास की तुझा अंगठा पॅनिक मारतो आणि ओव्हरड्राइव्ह (ड्राइव्ह खर्चून मारलेला, जास्त ताकदीचा) शोर्युकेन निघतो, बरोबर? तो लागतो तेव्हा भारी वाटतं आणि ब्लॉक झाला की पनिश काउंटरचा (चुकून उघडा पडल्यावर खाल्लेल्या फटक्याचा) २० टक्के जास्त मार धरून लाइफचा मोठा तुकडा जातो. हिशोब कर: बहुतेक कॅरेक्टरची लाइफ १०,००० असते, साधा थ्रो १२०० चा. म्हणजे कोपऱ्यात बसून ब्लॉक केलं आणि एक थ्रो खाल्ला तर जगबुडी होत नाही, ब्लॉक झालेला शोर्युकेन त्याच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतो. थ्रो खायची लाज वाटते लोकांना, काय माहीत का.

अर्थात बऱ्याच कॅरेक्टरना कोपऱ्यात एका थ्रोनंतर लगेच दुसऱ्या थ्रोची संधी मिळते, त्यामुळे नुसतं खात बसणं पण नाही. यासाठी उशिरा थ्रो ब्रेक करायची सवय लाव. म्हणजे समोरचा अंगावर आला की आधी ब्लॉक धर आणि थ्रोची बटणं अगदी जरासं थांबून दाब. त्याने अटॅक मारला असेल तर तो ब्लॉक होतो आणि तुझं बटण वाया जातं, थ्रो मारला असेल तर ब्रेक होतो, एकाच सवयीत दोन्ही गोष्टी कव्हर. याला पण उत्तर आहे, समोरचा जवळ येऊन एक पाऊल मागे सरतो, तुझा थ्रो हवेत जातो आणि तो मोठा कॉम्बो मारतो. पण तुझ्या रँकला हे कमी लोक करतात. कुणी केलं तर पुढच्या वेळी बटणच दाबू नकोस, नुसता ब्लॉक. पॅरी (येणारा फटका झेलून निष्फळ करणं) मात्र उठताना आंधळेपणाने धरून बसू नकोस, पॅरी धरलेल्याला थ्रो मारला की तो पनिश काउंटर होतो आणि १२०० चे २०४० होतात.

ड्राइव्ह गेजवर थोडक्यात. सहा खाने. ओव्हरड्राइव्ह मूव्हला दोन, ड्राइव्ह इम्पॅक्टला एक, अटॅकमधून ड्राइव्ह रश कॅन्सल केला (अटॅक मध्येच तोडून रश) की तीन, ब्लॉक करताना पण कमी होत राहतो. तू क्राउचिंग मीडियम किक ब्लॉक झाली तरी रश कॅन्सल करतोस (रिप्लेमध्ये बघ, करतोसच), म्हणजे हातात काही न पडता अर्धा गेज गेला. दोनदा केलं की बर्नआउट (गेज पूर्ण रिकामा), मग पॅरी नाही, इम्पॅक्ट नाही, समोरच्याच्या स्पेशल मूव्हने ब्लॉकवर पण लाइफ जाते, ब्लॉकमध्ये ४ फ्रेम जास्त अडकतोस, आणि कोपऱ्यात असशील तर त्याचा इम्पॅक्ट ब्लॉक करूनसुद्धा स्टन. त्यामुळे पुढचे काही दिवस एक नियम पाळ: किक लागलेली दिसली तरच रश, नाहीतर नाही. एवढ्या जवळून दिसत नाही म्हणशील. खरंय, एक किक बघून ठरवणं अवघड आहे. म्हणून एकतर समोरचा काहीतरी मारून चुकला असेल तेव्हाच ती किक टाक, म्हणजे ती लागणारच आहे हे आधीच माहीत असतं. किंवा दोन लाइट पंच मार, दुसरा पडेपर्यंत लागतंय की नाही हे डोळ्याला कळतं आणि मग स्पेशलमध्ये जा.

कॉम्बोबद्दल माझं मत जरा कडू आहे. तू यूट्यूबवरचे पाच-सात कॉम्बो शिकलायस, ते विसर. एक लाइटपासूनचा, एक मीडियमपासूनचा बिनारशचा, आणि एक मोठा पनिश हेवीपासूनचा, बस. मोठा पनिश कुठे लागतो? ब्लॉक झालेल्या शोर्युकेननंतर. तिथे वेळ भरपूर असतो, तरी लोक घाईत थ्रो मारतात, बघून जीव जळतो. हे तीन इतके हातात बसले पाहिजेत की ते चालू असताना तू शांतपणे दोघांचा गेज बघू शकशील आणि कॉम्बो संपल्यावर काय करायचं ते ठरवू शकशील. कॉम्बो करताना स्वतःच्या हाताकडे लक्ष द्यावं लागत असेल तर तो कॉम्बो अजून मॅचसाठी तयार नाही, भले ट्रेनिंगमध्ये दहापैकी दहा पडू दे.

आता डोकं थोडं मोकळं झालं की खरी मजा सुरू होते, समोरच्याच्या सवयी वाचायची. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतली डायगो उमेहारा आणि जस्टिन वाँग या खेळाडूंची क्लिप सगळ्यांनी बघितलीये, स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक या जुन्या गेममध्ये डायगोच्या केनची लाइफ नखाएवढी उरलेली, जस्टिन त्याच्या चुन-ली या कॅरेक्टरचा सुपर (सगळ्यात मोठा अटॅक) सोडतो आणि डायगो एक एक लाथ पॅरी करत जातो, सगळ्या १५. लोकं म्हणतात काय रिफ्लेक्स. पण त्या सुपरची पहिली लाथ दिसल्यावर पॅरी करायला गेलं तर उशीर झालेला असतो, पॅरीचा इनपुट सुपर सुरू व्हायच्या आधीच सुरू करावा लागतो. म्हणजे जस्टिन आता सोडणार हे डायगोला आधीच कळलं होतं. लाइफ एवढीशी, ब्लॉक केला तरी मरणार, समोरच्याकडे सुपर भरलेला, दुसरं काय करणार तो? उरलेल्या १४ ची प्रॅक्टिस होती, पण पहिली लाथ त्याने माणूस वाचून पकडली.

तुला एवढं नको, तीन प्रश्न पुरेत. उठताना तो काय करतो? कोपऱ्यात गेल्यावर काय करतो? हाडोकेन टाकला की काय करतो? पहिल्या राउंडमध्ये यातल्या एकाचं तरी उत्तर मिळवायचंच, राउंड हरलास तरी चालेल. उदाहरण देतो. त्याला पाडलंस, अंगावर गेलास, आणि काहीच न करता नुसता ब्लॉक धरलास. त्याने ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन मारला. झालं, आता तुला त्याच्याबद्दल एक गोष्ट माहितीये, आणि प्लॅटिनमचा खेळाडू घाबरला की परत तेच करतो. रेफरीने शिट्टी वाजवल्यासारखं करतो अक्षरशः. पुढच्या वेळी परत ब्लॉक, मोठा पनिश, राउंड संपला. आणि जो उठताना काहीच करत नाही, नुसता बसतो, त्याला थ्रो मार, परत थ्रो मार, तो उडायला लागेपर्यंत मारत राहा.

हे शिकायला रँक मॅच तशी वाईट जागा आहे, एकाशी फार तर तीन मॅच होतात आणि माणूस निघून जातो. तुझ्यापेक्षा थोडा चांगला असा कुणीतरी पकड आणि त्याच्याशी आधी दहा जिंकेल तो असा सेट खेळ, आठवड्यातून एक. पाचव्या मॅचनंतर दोघांच्या युक्त्या संपतात आणि मग तिथे खरोखर विचार करावा लागतो. डिस्कॉर्डवर इंडियाचे ग्रुप आहेत, मुंबई-पुण्याची पोरं असतील तर पिंग पण मस्त मिळतो. रात्री उशिरा लोक कमी होतात आणि मॅच लांबच्या देशातल्या लागायला लागतात. रोलबॅकमुळे (नेटचा उशीर झाकणारी पद्धत) खेळता येतं, पण अँटी-एअरची प्रॅक्टिस त्या वेळी करू नकोस, उगाच स्वतःवर शंका घेशील. आणि वायफाय सोड रे बाबा, लॅन केबल काही शे रुपयांना मिळते, वायफायचं चिन्ह दिसलं की बरेच लोक मॅचच घेत नाहीत. टीव्हीवर खेळत असशील तर गेम मोड चालू आहे का ते बघ.

कंट्रोलरबद्दल विचारलंयस म्हणून. लिव्हरलेसवर काही इनपुट स्वच्छ पडतात हे खरं, आर्केड स्टिकवर वाढलेला डायगोसुद्धा नंतर तिकडे वळला. पण तू आत्ता बदललास तर दोन-तीन महिने जे हातात बसलंय ते पण जाईल, आणि तुझ्या यादीत 'इनपुट चुकला' हे कारण पहिल्या तीनात असल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मॉडर्न कंट्रोलचं पण तेच, शोर्युकेन एका बटणावर येतो पण तशा मारलेल्या स्पेशलचा डॅमेज २० टक्के कमी. वाईट काही नाही त्यात, मॉडर्नवर मास्टर झालेले खूप आहेत, चिडवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, फक्त हे मध्येच बदलायचं कारण शोधू नकोस.

रँकच्या पॉइंटकडे बघणं काही दिवस बंद कर. नवीन सवय लावताना माणूस आधी खाली जातोच, कारण जुना आंधळा शोर्युकेन कधीकधी लागत होता आणि आता तू तो मारत नाहीयेस. डायमंड १९,००० ला आहे, मास्टर २५,००० ला, ते कुठे पळून जात नाहीत. दोन मॅच लागोपाठ हरलास आणि दातओठ खात तिसरी लावायला गेलास तर थांब, पाणी पी, नाहीतर सरळ बंद कर, त्या अवस्थेत खेळलेली मॅच फक्त वाईट सवयी पक्क्या करते.

आणि यादी झाली की मला एक रिप्ले आयडी पाठव, आपण बसून बघू. जिंकलेली नको, आणि नेट खराब होतं म्हणून हरलो वाली पण नको. जी मॅच हरल्यावर 'हा माझ्यापेक्षा वाईट खेळत होता, तरी हरलो' असं वाटलं ना, ती पाठव.